जॉइंट टॅक्स कोणी निवडला?

मंडळी, राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी इथे लिहितेय.

इथे आयर्लंडमध्ये, ॲथलोनच्या नव्या नोकरीतला माझा पहिला पगार आज झाला. माझ्याइतकाच पगार असलेल्या, लग्न न झालेल्या मुलीच्या हातात माझ्यापेक्षा बरेच जास्त पैसे पडले. मी तावातावाने पेरोलवाल्या बाईंकडे गेले.

"सगळं ग्रँड आहे," म्हणजे इकडच्या बोलीत 'ठीक आहे', असं त्या म्हणाल्या. "तुम्ही नवरा-बायकोंनी जॉइंट टॅक्स निवडलाय. तुमच्या वाटची करसवलत नवऱ्याला मिळते."

निवडलाय? मी कधी?

घरी येऊन निखिलला, म्हणजे नवऱ्याला, विचारलं.

"अगं, तुला नोकरी नव्हती तेव्हा मीच टॅक्स ऑफिसला फोन करून सांगितलं. आणि पैसे शेवटी घरातच येतात ना?"

"मग उद्या फोन कर आणि सगळी सवलत माझ्या नावावर करायला सांग. पैसे घरातच येतील."

तो गप्प. भाजी चिरून झाली, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी गप्प.

जॉइंट वाईट नाही हो. सवलत निम्मी-निम्मीही वाटून घेता येते. पण मैत्रिणींनो, तुमची कोणाच्या नावावर आहे? आज जेवताना विचारा. उत्तर काय आलं ते नका सांगू, उत्तराआधी घर किती वेळ शांत होतं तेवढं सांगा.