दोन्ही शाफ्ट डावे

बंगळुरूच्या येलहंक्यातल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी मी त्याला त्याचं काम शिकवण्यात गुंतलो होतो. मी पुण्याचा आयटीवाला. हौसेने जुनी पिकअप घेतलेली आणि मागच्या अ‍ॅक्सलचे शाफ्ट कसे बदलायचे याचे अकरा व्हिडिओ पाहिलेले. म्हणजे तज्ज्ञच.

शाफ्ट मी ऑनलाइन मागवले होते, दोन्ही अगदी जुळे.

त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या इथलीच मराठी. "जुने काढून मापलं काय, सर?" त्याने विचारलं.

"त्याची गरज नसते, अण्णा," मी समजावलं.

"सरी," म्हणजे बरं, म्हणत त्याने चाकं उतरवली. दोन्ही जुने शाफ्ट ओढून काढले, बाळाला पुसावं तसे फडक्याने पुसले आणि गोणपाटावर माझ्या नव्यांशेजारी मांडले. उजवा जुना शाफ्ट माझ्या नव्यापेक्षा चांगला वीतभर लांब होता. माझे दोन्ही डाव्या बाजूचे.

तो हसला नाही, हेच जास्त लागलं. "स्वल्प कॉफी घ्या, सर," एवढंच म्हणाला, आणि उजवा स्वतःच शोधून आणला.

महिन्याने ब्रेकसाठी गेलो, तर माझा उरलेला शाफ्ट भिंतीवर टांगलेला. एक गृहस्थ मेकॅनिकला मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होते. तो शांतपणे भिंतीकडे बघत राहिला.

"ते काय आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"एक सर आले होते. सगळे व्हिडिओ पाहून."

गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. मीही मान हलवली, "असतात हो असे लोक."