मेलेल्या वाघाची बातमी

हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगायला बसलोय.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती सालं. अहेरीला मी मास्तर होतो, नागपूरच्या एका दैनिकाला बातम्याही पाठवायचो. सगळ्यांआधी पाठवायचो — तीच माझी मिजास. त्या उन्हाळ्यात एक वाघ माणसं धरू लागला. मोहफुलं झाडांखाली सडत होती, वेचायला कोणी धजत नव्हतं. एका संध्याकाळी त्याच्यासाठी बोलावलेला शिकारी सांगत आला, गोळी लागली, नाल्याच्या झुडपात पडला असेल, सकाळी बघू.

मी सकाळपर्यंत का थांबलो नाही? दुसऱ्या दैनिकाचा माणूस गावात आला होता, एवढंच. मी नाल्यापर्यंत गेलो. झुडूप हललं. वारा होता, की तो? — बघितलं नाही. पळालो. थेट तारघर गाठलं आणि तार केली : नरभक्षक ठार.

सकाळी शिकारी भेटला. झुडपात नुसतं रक्त होतं. "मी मागावर चाललो. लोकांले सांगा मास्तर, रानात जाऊ नोका." एवढं बोलून तो गेला.

मी सांगितलं? नाही. सांगितलं असतं, तर तार खोटी ठरली असती.

मोटारीनं पेपर आला. बाजारात मोठ्यानं वाचला गेला. लोक माझ्याकडे बघून हसत होते. शाळेत पाणी भरणारी लचमीबाई जवळ आली.

"खरंच मेला का, मास्तर? उद्या मोहाले जाऊ ना?"

एक 'नको' म्हणायचं होतं. एकच. इतकं जड होतं का ते?

"जा बाई," मी म्हणालो. "म्या सोता पाह्यला."

दुसऱ्या दिवशी मी दार लावून बसलो. बाहेर पाऊल वाजलं की दाराची कडी चाचपायचो. ऊन चढलं आणि ओरडा ऐकू आला. झाडाखाली तिची टोपली सापडली होती. ती, पुढे, नाल्यात.

मी पुन्हा तार केली : दुसऱ्या नरभक्षकाचा बळी. तीही सगळ्यांआधी.

तो पेपर गावात आल्यावर तिचा नवरा दारात आला. रडत नव्हता.

"हा दुसरा कुठून आला, मास्तर?"

"रान मोठं हाय, भाऊ," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवून तो घरी गेला.

वाघ एकच होता. मला ते तेव्हाच माहीत होतं.