कस्तुरीच्या कण्यातले धागे

दुपारी वॉर्डातले पडदे ओढले की मला गुंगी येते. लेकीच्या, कस्तुरीच्या पायांशी स्टुलावर बसून मी गादीवर डोकं टेकते. झोप लागतेय की उडतेय, कळत नाही. कुठेतरी शिट्टी वाजते.

बघते तर हे. दोन वर्षांपूर्वी गेलेले माझे यजमान. पालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे, तशीच गळ्यात शिट्टी. वॉर्डाच्या फरशीवर घोटाभर पाणी आहे.

"पोर झोपलीये अजून?" हे विचारतात.

यांना काहीच माहीत नाही.

"अहो, स्कूटरवरून पडली ती. कमरेखाली काही कळत नाही तिला."

"मग?"

"मणक्यात जेल सोडलंय. त्यात धागे आहेत, केसाहून हजारो पटींनी बारीक. तुटलेल्या नसा त्यांच्या आधाराने वाढतील म्हणतात. मांडवावर वेल चढते तशा."

"म्हणतात?"

"त्याने लुळे उंदीर चालायला लागले. माणसांवर आत्ताच सुरू झालंय."

"आणि वेल भलतीकडे गेली तर?"

हेच मी डॉक्टर तस्नीमना विचारलं होतं. नसा चुकीच्या जुळल्या तर दुखणं कायमचं मागे लागू शकतं, त्या म्हणाल्या. तरी कस्तुरी हो म्हणाली.

आता पलंग तलावाच्या काठावर आहे. पाणी हिरवं, तळ दिसत नाही. हे पाण्यात उतरलेत.

"दे तिला इकडे. पाण्यात पाय जड लागत नाहीत."

"नको."

"अगं, मीच शिकवलंय ना तिला?"

मायेनेच म्हणतात, म्हणून जास्त भीती वाटते. ओली चादर खाली सरकतेय, चादरीबरोबर पोर. तिचे केस पाण्यावर पसरतात. मी तिचं पाऊल धरते, दोन्ही हातांनी, जिवाच्या आकांताने.

"अहो, तिला नका नेऊ! मला दुसरं कोण आहे?"

ते थांबतात. माझ्याकडे बघत शिट्टी ओठांत धरतात. पण ऐकू येतो तो कस्तुरीचा आवाज.

"आई, सोड ना!"

डोळे उघडते. फरशी कोरडी. कस्तुरी कोपरांवर रेलून बघतेय. मी मूठ सोडते. तिच्या पावलावर माझी बोटं लालभडक उमटलीत.

"किती जोरात धरलंस? दुखतंय."

बोलते आणि एकदम चमकते. पायाकडे बघते, मग माझ्याकडे. मला हसू फुटतं, तेवढ्यात तिच्या कपाळावर आठी पडते.

"अजून दुखतंय?" मी विचारते.

"हो. तू सोडलंस तरी."