कारल्याला सुटलेलं पाणी

कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवलं की थोड्याच वेळात ताटलीत पाणी साचतं. बारावीत असताना लेकीने समजावलं होतं, "आई, मीठ आत घुसत नाही गं. पेशीच्या पडद्याबाहेरच थांबतं. पाणीच आपणहून त्याच्याकडे येतं."

आज ती ताटली बघून माझा जळफळाट झाला. आठवडाभर लेक गप्प होती. "काय झालं? ऑफिसात कोणी बोललं का? जेवली का नाहीस?" विचारून विचारून मी थकले, पण तिने तोंड उघडलं नाही. आज सकाळी माझी नणंद आली आणि लेकीशेजारी मटार सोलत बसली. एका शब्दाने काही विचारलं नाही. अर्ध्या तासात लेक तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, सगळं सांगत होती. नऊ महिने पोटात वाढवलं मी, आणि खांदा मात्र आत्याचा!

स्वयंपाकघरात मी कारली पिळली, गरजेपेक्षा जास्तच. मग राहवेना. हात पुसत बाहेर गेले आणि विचारलंच, "काय गं, काय चाललंय?"

लेकीने आत्याच्या खांद्यावरून डोकं उचललं. डोळे पुसले आणि मटाराची शेंग हातात घेतली.