न पाहिलेला आकडा

डॉक्टरसाहेबांच्या वहीतला एक आकडा मी न पाहताच लिहिला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

साहेब जर्मन रसायनशास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर उज्जैनला आले आणि माधवनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहिले. भैरूगढचे छिपे, म्हणजे कापड छापणारे कारागीर, पूर्वी कापडावर जो लाल रंग चढवत, तो आल नावाच्या झाडाच्या मुळांचा. त्या मुळांत काय काय आहे, हे त्यांना शोधायचं होतं. मी त्यांचा मदतनीस.

मुळी हातात आली की साहेब आधी हुंगायचे. भैरूगढचे म्हातारे रंगारी चाचा चिडवायचे, "बाबा, सूँघने से क्या होगा? चढ़ाओ, तब दिखेगा!" साहेब हसायचे आणि पुन्हा हुंगायचे.

त्यांचे वडील रंगाच्या कारखान्यात कामाला होते, मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. "रंगाने घर चालवलं, रंगानेच बाप नेला," आमच्या आईकडून शिकलेल्या मराठीत ते एकदाच म्हणाले.

बिघडलेला प्रयोगही वहीत शाईने लिहायचा, हा त्यांचा हट्ट. "खोडू नको. बिघडलं ते पण काम आहे."

एकदा मुळांतून केशरी स्फटिक निघाले. पदार्थ नवा वाटत होता. खात्रीसाठी ते जुन्या, ओळखीच्या पदार्थात मिसळून काचेच्या नळीत तापवायचे. मिश्रण कमी तापमानाला वितळलं तर पदार्थ वेगळा, नाहीतर तोच. साहेबांची नजर अधू, त्यामुळे नळीकडे मीच बघायचो. त्या संध्याकाळी टावर चौकातल्या हॉटेलात मुलीकडचे मला बघायला येऊन बसले होते. मी नळी तापवलीच नाही. साहेबांना हवा होता तसा आकडा लिहिला आणि मिश्रण धुऊन टाकलं.

"दोनदा पाहिलंस?"

"हो, साहेब."

"शाब्बास. जा, मुलगी वाट बघते."

लेख एका नियतकालिकात छापून आला. वर्षभरात परदेशातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की पदार्थ जुनाच आहे. मग लेख मागे घेण्याचं पत्र साहेबांनी मला तोंडी सांगितलं आणि मी ते त्यांच्या सहीसाठी टाइप केलं: मोजमाप माझं, चूक माझी.

"यात काही बदलायचं?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"नाही, साहेब."

जुन्या सहकाऱ्यांची पत्रं थांबली. साहेब मायदेशी परतले आणि पुढच्याच हिवाळ्यात गेले. त्यांच्या मुलीने पाठवलेल्या मृत्युलेखात चाळीस वर्षांचं काम दोन ओळींत होतं, आणि ती चूक तीन ओळींत.

ते मोजमाप माझं होतं आणि मी ते केलंच नव्हतं, एवढं त्या नियतकालिकाला माझ्या सहीने कळवायचं आहे. अजून कळवलेलं नाही.