कालगढ विकला म्हणे!

दिल्लीत मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "यंदा तिकडे कधी जाणार?" दुसरा प्रश्न खास माझ्यासाठी राखीव असायचा, "काय हो, तुमची कंपनी विकली म्हणे?"

फरीदाबादच्या त्या ऑफिसात मी बरीच वर्षं काढली. कंपनी विकल्याची अफवा दर दोन-चार महिन्यांनी यायची आणि जाताना एक किस्सा मागे ठेवून जायची. घरात आइस्क्रीमचे रिकामे डबे साठतात ना, टाकवत नाहीत आणि कशाला उपयोगीही पडत नाहीत, तसं माझ्याकडे ह्या किश्श्यांचं झालंय. परवा एका बारशाला सगळ्यांनी फारच आग्रह केला, म्हणून झाकणं उघडते आहे.

आधी आम्ही विकायचो काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या खेळाचं नाव 'कालगढ'. टेबलाभोवती बसून खेळायचा, पण पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी वजीर, कोणी चोर, कोणी वैद्य. आपण काय करणार ते ज्यानं त्यानं बोलायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. नोएडा, गुडगाव, मयूर विहार, जिथे जिथे नव्या सोसायट्या उठत होत्या तिथली शाळकरी मुलं ह्या खेळापायी वेडी झाली होती. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून जुगाराच्या कंपनीत आहे, पण माणसं चांगली आहेत!"

खेळ रचला होता आमच्या मिलिंद गजभियेनं. त्याचे वडील मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी नोकरीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. मिलिंद तिथेच वाढला. कालगढमधले राजे, भुतं, भुयारं, शाप, सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं. मी त्याची भाषा नीट करायची, नियमांची पुस्तिका काढायची आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. मालक बत्रासाहेब. आणि अकाउंट्सला त्यागीजी, ज्यांना अफवा सगळ्यात आधी कळायची आणि बातमी सगळ्यात शेवटी.

*

पहिली अफवा आली ती संडासातून!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाजार नुकता उघडला होता. रोज कुठला तरी परदेशी साबण नाहीतर परदेशी चॅनेल यायचं आणि आमच्याकडे प्रत्येकाला वाटायचं, आता नंबर आपला. अशात एका सोमवारी ऑफिसात प्लंबर आला आणि बत्रासाहेबांच्या केबिनशेजारच्या संडासात कमोड बसवायला लागला.

त्यागीजी धापा टाकत माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, खेल खतम. गोरे आ रहे हैं."

"कशावरून?"

"कमोड किसके लिए लगता है? हमारे लिए?"

दुपारपर्यंत पॅकिंगच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. कोणीतरी तर गोऱ्या साहेबाचं नावही शोधून आणलं होतं. शेवटी मीच वैतागून केबिनमध्ये गेले आणि सरळ विचारलं. बत्रासाहेबांनी टेबलाखालून पाय बाहेर काढला, पॅन्ट वर केली आणि सुजलेला गुडघा मला दाखवला.

"मॅडमजी, ये गोरा है?"

*

अशा अफवा फारच वाढल्या तेव्हा मिलिंदच्या वडिलांनी त्यात लक्ष घातलं. सगळी हयात सरकारी खात्यात गेलेली. लेखी नसेल ते खरं नाही, हा त्यांचा धर्म. दुधाच्या बूथवर कोणीतरी त्यांना विचारलं आणि ते घरी येऊन मिलिंदला म्हणाले, "साहेबांकडून लेखी घे. कंपनी विकणार नाही, असं."

मिलिंद बिचारा आज्ञाधारक. त्यानं जाऊन मागितलं. बत्रासाहेबही त्या दिवशी कशावरून तरी तापलेले होते. त्यांनी ताबडतोब नोटीस टाईप करून बोर्डावर लावायला सांगितली: 'सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की कंपनी विकली जात नाही.'

मी म्हटलं, "सर, ये मत लगाइए."

"क्यों? सच है!"

लंचपर्यंत अर्ध्या ऑफिसानं आपला बायोडेटा नवीन करून घेतला. टाईपरायटर मोकळा मिळेना. संध्याकाळी बघते तर शेवटचा बायोडेटा टाईप करत बसले होते ते नोटीस लावणारे त्यागीजी!

*

आता हा किस्सा आमच्याच ऑफिसात घडू शकतो.

आमच्याकडे पद्धत अशी की नवी गोष्ट छापायच्या आधी शुक्रवारी दुपारी आम्हीच ती खेळून बघायची. मिलिंद गोष्ट सांगणार आणि मी, रिसेप्शनची नीलम, आणखी कोणी रिकामं असेल ते, असे सगळे पात्रं होणार. त्या शुक्रवारची गोष्ट होती एका फितूर वजिराची. म्हातारा महाराज आजारी असताना वजीर परक्या राजाला गढ विकून टाकतो. वजीर मी. परक्या राजाची दूत नीलम.

पार्टिशन प्लायवूडचं. पलीकडे सदर बाजारचे आमचे मोठे डिस्ट्रिब्यूटर गुप्ताजी बत्रासाहेबांची वाट बघत चहा पीत बसले होते, हे आम्हाला कुठे माहीत?

नीलम म्हणाली, "सौदा पक्का?"

मी अगदी वजिरासारखा घोगरा आवाज काढला. "पक्का. पर बूढ़े को भनक न लगे. पुराने नौकरों को हम परसों निकाल देंगे."

"और गोदाम?"

"गोदाम में जो पड़ा है, सब सड़ा हुआ है. चुपचाप व्यापारियों को चिपका देंगे."

पलीकडे कप आपटल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं मांजर आहे.

दुसऱ्या दिवशी सदर बाजारहून टेम्पो भरभरून कालगढचे खोके परत यायला लागले. एकापाठोपाठ एक. बत्रासाहेब गेटवर उभे राहून डोक्याला हात लावून बघत होते. चौकशी झाली, सगळे धागे माझ्यापर्यंत आले आणि मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

"मॅडमजी, आपने कहा कि मेरा माल सड़ा हुआ है?"

"सर, मैंने नहीं कहा!" मी ओरडलेच. "मैं तो वज़ीर थी!"

*

सोसायट्यांमधल्या आयांचं तर विचारूच नका. अफवा त्यांच्यापर्यंत गेली की माझा फोन थांबायचाच नाही. मुलगा अभ्यास करत नाही म्हणून ज्या बायका वर्षभर मला शिव्या घालायच्या, त्याच आता काळजीनं फोन करायच्या.

मयूर विहारच्या एक बाई तर मला आयुष्यभर लक्षात राहतील. म्हणाल्या, "मॅडम, मेरा बेटा बारहवें लेवल पर है. कंपनी बिक गई तो नए वाले उसे पहले लेवल से तो नहीं बिठाएँगे?"

मी समजावलं, की बाई, हा खेळ आहे. लेवल मुलांनीच आपापसांत ठरवायचा असतो. आमच्याकडे त्याची कुठेही नोंद नसते.

 बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "वो सब ठीक है. आप बस एक माइग्रेशन सर्टिफिकेट बना दो ना, प्लीज़!"

*

एकदा त्यागीजींनी ठरवलं की आता फाशालाच विचारायचं. दहाच्या वर पडलं तर कंपनी विकणार, खाली पडलं तर नाही. सगळं ऑफिस गोळा झालं. मी कपाळाला हात लावून बघत होते, पण खरं सांगायचं तर मीही उठून गेले नाही.

फासा पडला. वीस!

त्यागीजींनी फासा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "पासा टेढ़ा है." दुसरा आणला, अठरा. "ये भी टेढ़ा है." तिसऱ्यांदा टाकणार एवढ्यात मागून बत्रासाहेबांचा आवाज आला.

"ओ त्यागी! फैक्टरी अपनी, साँचा अपना, और पासा टेढ़ा? ये बात बाहर गई ना, तो कंपनी कोई मुफ़्त में भी नहीं लेगा!"

*

ह्या सगळ्यात एकदा अफवा खरी निघाली.

एका परदेशी खेळण्यांच्या कंपनीला कालगढ हवा होता. त्यांचा एक सूट घातलेला देसी सल्लागार येऊन बोलून गेला. त्याला कारखाना नको होता, आम्ही तर मुळीच नको होतो. त्याला हवं होतं नाव. "ब्रँड अच्छा है, वो रखेंगे. अंदर का मटीरियल हम अपना डालेंगे," असं तो मिलिंदच्या तोंडावर म्हणाला. खोक्यावर मिलिंदचं नाव कधीच नव्हतं, त्यामुळे समोरचा माणूस कोण ह्याचा सल्लागाराला पत्ताच नव्हता. मग बत्रासाहेबांच्या वकिलानं आम्हाला समजावलं, की नाव गेलं की गढ, राजे, भुतं, सगळं त्यांचं. मिलिंदला यापुढे कालगढची एक ओळसुद्धा लिहिता येणार नाही.

 मिलिंद मला म्हणाला, "ताई, आतल्या लोकांचं काय होणार?"

मी म्हटलं, "होईल रे काहीतरी. पॅकिंगच्या बायकांना समोरच्या फॅक्टरीत घेतील."

"स्टाफ नाही, ताई. कालगढच्या आतले."

ह्या माणसाच्या डोक्यात फाईल घालावी की जवळ बसून रडावं, मला कळेना. वडील दोन वर्षांत रिटायर होणार, म्हणजे क्वार्टर जाणार, आणि ह्याला काळजी कोणाची, तर कागदावरच्या राजांची आणि द्वारपालांची! पण त्या रात्री मीही कालगढची पुस्तिका काढून वाचत बसले, हेही खरं.

*

आणि आता तो दिवस, सह्यांचा.

गोरे साहेब खरोखरच आले. सोबत तो सल्लागार. बत्रासाहेबांचा वकील दुपारी कागद घेऊन येणार होता. तोवर वेळ होता म्हणून गोरे साहेब हौसेनं म्हणाले, खेळ कसा असतो ते एकदा बघू तरी. मालकांनीही बसावं.

बत्रासाहेब गडबडले. मग कळलं, की इतकी वर्षं लाखो खोके विकणाऱ्या ह्या माणसानं कालगढ एकदाही खेळलेला नव्हता!

खेळवणार कोण? मिलिंदच. मला असा संताप आला! विकायला निघाले ह्याचाच गढ आणि दाखवायलाही ह्यालाच बसवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मिलिंद शांतपणे फासे घेऊन आला आणि टेबलाशी बसला.

त्यानं गोऱ्या साहेबांना परदेशी व्यापारी केलं, सल्लागाराला त्यांचा मुनीम. बत्रासाहेबांना म्हणाला, "सर, आप फाटक के पहरेदार." बत्रासाहेबांचं तोंड पडलं. मालकाला शिपायाचा पार्ट!

मिलिंद सांगायला लागला. रात्र आहे. थंडी आहे. गढाच्या आत दोनशे माणसं झोपली आहेत, लेकरं आहेत, म्हातारे आहेत. पहारेकरी एकटा जागा आहे, म्हणून ती झोपली आहेत. बाहेर व्यापारी आलाय. तो म्हणतोय, फाटक उघड.

"कौन है?" बत्रासाहेब पाटी वाचल्यासारखं म्हणाले.

मुनिमानं सांगितलं, मित्र आहोत.

"दोस्त दिन में आते हैं," बत्रासाहेब म्हणाले, आणि मी चमकून त्यांच्याकडे बघितलं.

व्यापाऱ्यानं थैली पुढे केली. बत्रासाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "रिश्वत? मुझे?" फासा टाकला. सतरा. मुनीम भिंतीवर चढायला गेला, बत्रासाहेबांनी त्याला वरून उकळतं तेल दाखवलं. चहा गार झाला, छोले-भटुरे गार झाले. गोरे साहेब टाय सैल करून घामाघूम झाले होते. बत्रासाहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला होता, बाह्या वर सरकवल्या होत्या आणि मिलिंद बोलता बोलता थांबला की ते त्याच्यावर ओरडत होते, "आगे, बेटा, आगे!"

दुपारचे दोन वाजले असतील. खिडकीतून नुसतं ऊन आत येत होतं. दार थोडंसं उघडून नीलमनं डोकं आत घातलं.

"सर, वकील साहब आ गए हैं. काग़ज़ तैयार हैं, साइन के लिए बैठे हैं."

बत्रासाहेबांनी फाशावरची नजर काढली नाही. मुठीत फासा खुळखुळवत म्हणाले,

"बोल दो उनको, सुबह होने तक फाटक नहीं खुलेगा!"