लेन्ससमोर धरलेला हात

"मारहाण आली की लेन्ससमोर हात धरायचा," मॅनेजर केबिनच्या दारातून म्हणाले. "लई वंगाळ पिक्चर हाय. पोलीस आले तर थेटरला कुलूप लागंल."

केबिन म्हणजे प्रोजेक्टरची खोली. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका थिएटरात मी ऑपरेटर होतो. रविवारी सकाळी फिल्म सोसायटीवाले परदेशी चित्रपट लावायचे. नको असलेला सीन कापत बसण्यापेक्षा आम्ही लेन्सपुढे तळहात धरायचो. रीळ चालू राहतं, पडदा काळा होतो.

चित्रपट एका गुंड तरुणाचा होता. तो निव्वळ मजेखातर लोकांना बडवतो, घरात घुसून बायकांवर हात टाकतो. पुढे सरकारी डॉक्टर त्याच्यावर असे उपचार करतात, की नुसता हात उगारला तरी त्याला मळमळतं. मग तो चांगला वागतो, कारण वाईट वागणं त्याला जमतच नाही. मी हुकमाप्रमाणे मारहाण झाकली; काळ्या पडद्यावर नुसतं संगीत वाजत राहिलं. उपचारांचे हाल मात्र सगळे दिसले.

खेळ सुटल्यावर एक शिक्षिका जिना चढून वर आल्या. नवी पेठेत गुंडांनी त्यांच्या भावाचा डोळा फोडला होता, हे मला माहीत होतं.

"पडदा काळा झाला तेव्हा काय चाललं होतं?"

मी सांगितलं. त्या कठडा धरून उभ्या राहिल्या.

"मी त्या पोरासाठी रडले हो. तुम्ही फसवलंत मला."

ते माझ्या फार जिव्हारी लागलं. आठवडाभर कामात लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी तोच चित्रपट पुन्हा होता. मी आधीच सांगितलं, "साहेब, आज हात धरणार न्हाई."

"मग उद्यापासून येऊ नगंस."

आयत्या वेळी दुसरा ऑपरेटर मिळेना, म्हणून खेळ मीच चालवला. पोलीस काही आले नाहीत. बरेच जण मात्र मध्येच उठून गेले. बाई पुन्हा आल्या होत्या. मारहाणीच्या वेळी त्यांनी तोंडाला पदर लावला, पण जागेवरून हलल्या नाहीत.

नंतर जिन्यापाशी म्हणाल्या, "त्या पोराला जन्मभर कोंडून ठेवलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. पण असले उपचार करायला नको होते. वाईट असला तरी माणूस होता तो." त्यांचे डोळे पुन्हा भरले. "आज कुणासाठी रडतेय, ते मला ठाऊक आहे."

माझी नोकरी गेली. पुढे सांगोल्याच्या टूरिंग टॉकीजमध्ये लागलो. तिथल्या मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, झाकायचं असेल तर तो पिक्चर आणूच नका.